पत्र्यावरचं पाणी

पाऊस आला की लोकांना काय काय सुचतं. कुणाला भजी, कुणाला गाणी. मला भिंत सुचते. आता सिमेंटच्या घरात राहून कितीतरी वर्षं झाली, तरी आभाळ भरून आलं की माझी मान आपोआप मागच्या भिंतीकडं वळते. सुना हसतात. हसू देत बापड्या, त्यांनी काय पिंपं उपसली नाहीत.

आम्ही पिंपळे गुरवला आलो तेव्हा नदीपलीकडं कारखाने नुकते कुठं उभे राहत होते. आमचे हे, ज्योतीराम, माणदेशातले. तिकडं पावसाची वाट बघण्यात जन्म गेला, म्हणून इकडं कारखान्यात लागले. गावाकडची वाटणी विकून टाकली आणि गावठाणात दोन खणांचं घर घेतलं. घर म्हणजे पांढरीच्या मातीच्या कच्च्या विटांच्या भिंती आणि वर कौलं. पण आपलं होतं. ह्या गावात आम्हाला ना भाऊबंद ना सोयरा, त्यामुळं त्या चार भिंती म्हणजेच आमची भावकी.

गावठाण उतारावर. आमचं घर खालच्या अंगाला आणि आमच्या पाठीशी, वरच्या अंगाला, दौलतरावांचं. गाव त्यांना तात्या म्हणायचं. दोन्ही घरांच्या मध्ये एक बोळ, इतका अरुंद की तिरकं होऊन जावं लागे. त्यांचं जोतं जिथं सुरू होई तिथं आमची मागची भिंत निम्मी झालेली असे. म्हणजे तात्यांच्या अंगणात सांडलेलं सगळं आमच्या भिंतीच्या पायाशी यायचं, पाणी असो की खरकटं.

पहिल्या वर्षी काही वाटलं नाही. तात्यांच्या घरावर नळीची जुनी कौलं होती, शेवाळलेली. कौलावरचं पाणी म्हाताऱ्या माणसासारखं असतं, रमतगमत, थांबत थांबत खाली येतं. पुढच्या वर्षी तात्यांचा मुलगा रंगराव कारखान्यात लागला आणि त्यानं कौलं उतरवून पत्रे घातले. सगळा गाव बघायला आला. मीपण गेले, चांगलं म्हणून आले. मला काय ठाऊक, आपण कशाला चांगलं म्हणतोय ते.

पाऊस सुरू झाला आणि त्या पत्र्यांवरून पाणी असं आलं की बोळात उभं राहता येईना. एकसारखी धार, थेट भिंतीच्या मुळाशी. राखीपौर्णिमेपर्यंत खालच्या विटा विरघळून गेल्या आणि भिंतीला पोट सुटलं. घराची मुख्य तुळई त्याच भिंतीवर टेकलेली आणि तिच्या खाली माझी दोन पोरं झोपायची. हे शिफ्ट करून यायचे आणि आडवे व्हायचे. मी माती, भुसा, शेण कालवून पोटाला लिंपत बसायची. सकाळी लिंपलेलं संध्याकाळी वाहून जायचं. रडूसुद्धा यायचं नाही, इतकं दमायला व्हायचं.

शेवटी मी वर गेले. तात्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. वाईट माणूस नव्हता, पण आपलं ते खरं करायची त्यांना फार हौस. मी सगळं सांगितलं, भिंत बघायला चला म्हटलं. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात सारली आणि म्हणाले, "अगं, वळचणीचं पानी आढ्याला जाईल व्हय? खालीच येनार." ओट्यावरची चार माणसं हसली. म्हण बरोबर होती, तेच तर माझं दुखणं होतं.

माझं डोकं तापलं. तुमच्या घरावरनं येतंय म्हणजे पाणी तुमचं, तुमचं पाणी तुम्ही सांभाळा, असं मी चार माणसांदेखत बोलून गेले. परक्या गावच्या बाईनं असं बोलायचं नसतं. तात्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, "पानी माझं न्हाई. पानी आभाळाचं. आभाळाला जाऊन सांग."

त्या दिवसापासून आमचं भांडण एवढ्या एका शब्दावर येऊन बसलं. पाणी कुणाचं? मी म्हणायची घराचं, ते म्हणायचे आभाळाचं. पाणवठ्यावर, गिरणीत, कुठंही विषय निघाला की मी माझं म्हणणं सोडत नसे. बायका मला चिडवायला मुद्दाम विचारायच्या, काय शालनबाई, आज कुणाचं पाणी?

पिंपांची कल्पना मात्र भांडणातून आली नाही, धुण्यातून आली. एकदा बोळात कपड्यांचं घंगाळ राहिलं होतं. रात्रभर पाऊस पडला. सकाळी बघते तर घंगाळ भरून वाहतंय, पण ते जिथं होतं तेवढ्या भिंतीचा पाया टणक. धार घंगाळात पडली, मातीत पडली नाही. मी यांना उठवून दाखवलं. झोपेतच म्हणाले, मग मोठं भांडं ठेवू. त्यांचं हेच बरं होतं, जास्त बोलायचे नाहीत. आठवडा गेला नाही तोवर रस्त्याच्या कामावरची डांबराची तीन रिकामी पिंपं बैलगाडीत घालून घेऊन आले. आत गवत पेटवून डांबर जाळलं, खरवडलं, तरी वास काही गेला नाही. प्यायला नाही तर नाही, आम्हाला ते पाणी प्यायचं कुठं होतं? आम्हाला ते अडवायचं होतं.

बोळात पिंपं मावेनात. ती ठेवायची तर तात्यांच्या अंगणाच्या कडेला, त्यांच्या वळचणीखाली. म्हणजे पुन्हा त्यांच्या दारात उभं राहणं आलं. या वेळी आम्ही मारुतीच्या देवळात चार वडीलधारे बसवले. तात्या नाही म्हणाले नाहीत. उलट पत्र्याची धार पिंपांत पडावी म्हणून पन्हळ मारायला रंगरावाला सांगतो म्हणाले. पण बोलून घेतलंच. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पिंपं ठेव. पर पानी माझं न्हाई, आभाळाचं हाय. मी भरनार न्हाई, मी उपसनार न्हाई." मीही कमी नव्हते. पाणी तुमचंच आहे, मी नुसती उपसते, असं म्हणूनच उठले. तात्यांची थोरली बहीण गोजाबाई तिथं खांबाला टेकून बसली होती. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, घरातलं बारसं असो नाहीतर बारावं, सगळं तिच्या शब्दानं चालायचं. तिनं माझं बोलणं नीट ऐकून ठेवलं.

मग सुरू झालं ते उपसणं. पिंप रिकामं असेल तरच उपयोगाचं. भरलेलं पिंप म्हणजे सगळी धार एका जागी ओतणारा दुश्मन. एक जोराची सर आली की तिन्ही तुडुंब. मग मी हंडा घेऊन वर जायची, भरायची आणि तात्यांचं अंगण ओलांडून पलीकडं ओढ्यात नेऊन ओतायची. एक हंडा, दुसरा हंडा, कितीतरी. माणदेशात माझी आई हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालायची आणि इथं मी पाणी फेकून द्यायला चालत होते. आईला कळवलं असतं तर तिनं मला येड्यात काढलं असतं.

तात्यांची बायको सुभद्राबाई बोलायची नाही. नवऱ्याचं भांडण ते आपलं, असा तिचा रिवाज. पण मी बघायची ना, म्हशीला पाणी, भांडी घासायला पाणी, ती त्याच पिंपांतून घ्यायची, गुपचूप. आणि पिंपं भरली की बोळाच्या तोंडाशी येऊन एवढंच म्हणायची, "भरलंय गं." तीन वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते एवढंच. पण चुलीवर भाकर असो, पोर अंगावर पीत असो, भरलंय गं ऐकलं की मी उठायची. काही दिवस असं वाटायचं की ही बाई मला मुद्दाम उठवते. आणि काही दिवस असंही की ही न सांगती तर माझी भिंत कधीच गेली असती. दोन्ही खरं असेल.

पहिला पावसाळा भिंत टिकली. दुसराही गेला. तिसऱ्या वर्षी मात्र मघा नक्षत्र असं लागलं की उसंत नाही. गावात सगळे खूश, पडल्या मघा म्हणून. माझे हात खांद्यातून उखडल्यासारखे झाले होते. भिंत आतून ओली लागायला लागली, पोट आणखी पुढं आलं. यांनी आतून लाकडाचे दोन टेकू लावले आणि पोरांची अंथरुणं पुढच्या दाराशी नेली. म्हणाले, एवढा महिना काढला तर दिवाळीला दगडाचा पाया घालू. म्हणजे सगळा जीव त्या एका महिन्यावर टांगलेला.

त्यातच तात्या तापानं पडले. म्हातारं शरीर, ताप उतरलाच नाही. एका सकाळी वरून रडण्याचा आवाज आला आणि मी समजले.

त्या सकाळी पिंपं तुडुंब भरलेली होती. रात्रभराची सर. कुणी भरलंय गं म्हणून सांगायला आलं नाही, आणि मीही हंडा घेऊन गेले नाही. मेलेल्या माणसाच्या अंगणात हंडा घेऊन कोण जाईल? माणूस म्हणून एक लाज असते. हे कामावरून तसेच तिरडी बांधायला गेले. मी डोक्यावर पदर घेऊन बायकांत जाऊन बसले. सुभद्राबाई भिंतीला टेकून होती, डोळे कोरडे, तोंड उघडं. तिच्याकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं की हीसुद्धा माझ्याइतकीच दमलेली आहे. आपण कधी विचारलं नाही.

पुरुष प्रेत घेऊन नदीकडं गेले. पाऊस जरा ओसरला होता, पण पन्हळीतून धार चालूच होती. गोजाबाई उठली. डोळे पुसले आणि म्हणाली, घर धुवायला घ्या, आणि घरातलं सगळं पाणी ओता, थेंब ठेवू नका.

ही रीत मला काय माहीत नव्हती? माणूस गेलं की घरातलं साठवलेलं पाणी ओतून टाकायचं. आमच्याकडंही तेच. माठ, कळशी, हंडे, बंब, सगळं. सुना, पुतणसुना उठल्या आणि भांडी अंगणात आणून उपडी करायला लागल्या. ते पाणी उतारानं बोळात गेलं. भिंतीच्या पायाशी गेलं असणार, पण माठाचं पाणी ते किती!

मग गोजाबाईची नजर वळचणीकडं गेली. "ती पिंपं पन उलथा," ती म्हणाली.

तीन पिंपं, काठोकाठ. ती एकदम त्या बोळात उलथली तर भिंत राहणारच नव्हती. आत चूल होती, कणगी होती, आणि पोरांना मी पुढच्या दाराशीच बसवून आले होते, पण पोरं ती पोरंच, कधी आत जातील नेम नाही. दोघी सुनांनी पहिल्या पिंपाला हात लावलासुद्धा. डांबर लागलेली कड, ओल्या हातांना धरवत नव्हती, म्हणून त्या तिसरीला हाक मारत होत्या.

मी उठले. काय बोलणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं. माझी भिंत पडेल म्हणावं? ज्या घरातून आत्ताच माणूस गेला तिथं आपल्या भिंतीचं गाऱ्हाणं कोण ऐकतं? आणि रीत म्हणजे रीत. गोजाबाईनं ती माझ्यासाठी मोडायची म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या घराला सुतकातच ठेवायचं. मी नुसतं म्हटलं, "आत्या, थांबा. त्ये घरचं पानी न्हाई."

गोजाबाईनं माझ्याकडं बघितलं. म्हातारीची नजर कमी झाली होती, आठवण नाही. ती म्हणाली, तीन वर्षं तूच गावभर सांगत फिरलीस की हे पाणी आमच्या घराचं, देवळात बसून बोललीस, आज कसं आमचं नाही? तिचं काही चुकत नव्हतं. बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यातल्याच कितीतरींनी मला चिडवलं होतं, आज कुणाचं पाणी म्हणून.

"मंग कुनाचं हाय त्ये?" गोजाबाईनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं असतं, हरणं अवघड. मी म्हटलं, "आभाळाचं."

"कोन म्हनतं?"

"तात्या म्हनत व्हते."

तिन्ही वर्षं मी ज्या वाक्याशी भांडले तेच मी त्या माणसाच्या दारात, त्याला नदीवर नेलं असताना, भीक मागितल्यासारखं म्हटलं होतं. तात्यांना आपलं ते खरं करायची हौस होती आणि मेल्यावरसुद्धा त्यांनी ती पुरवून घेतली. मला राग आला, हसू आलं आणि मग एकदम रडू आलं, त्यांच्यासाठी की स्वतःसाठी ते कळेना.

तेवढ्यात मागं, त्यांच्या घराच्या भिंतीकडून आवाज आला. सुभद्राबाई म्हणाली, "व्हय. त्यांचं बोलनं हाय त्ये. आभाळाचंच म्हनायचे." ती तशीच समोर बघत होती. नवऱ्याचं शेवटचं म्हणणं असल्यासारखं तिनं ते सांगितलं.

गोजाबाई पिंपांजवळ गेली, वर पन्हळीकडं बघितलं. मग म्हणाली, आभाळाला कसलं सुतक, राहू द्या. सुनांनी हात काढले. डांबराचे काळे डाग पदराला पुसले आणि त्या घर धुवायला गेल्या. मी खाली आले, मागची भिंत तळहातानं चाचपली. ओली होती, पण उभी होती.

सुतकाचे दिवस पाऊस काही थांबला नाही. त्या घरातलं कुणी पिंपांना हात लावेना. मी सकाळ-संध्याकाळ वर जायची, मुकाट उपसायची, ओढ्यात ओतायची. आता म्हशीसाठीसुद्धा कुणी पाणी घेत नव्हतं, म्हणजे सगळा भार माझ्यावर. हे एखाद्या वेळी मदतीला यायचे, पण कारखान्यात माणसं कमी होती, ओव्हरटाइम चुकत नव्हता. हंडा उचलताना मनात एकच घोळायचं. मी भिंत वाचवली खरी, पण हक्क घालवला. पाणी त्यांचं नाही हे मीच सगळ्यांसमोर कबूल केलं. उद्या कुणी पिंपं हलवा म्हटलं तर मी कुठल्या तोंडानं भांडणार? देवळात बसवलेल्या वडीलधाऱ्यांसमोर तरी काय सांगणार?

आणि झालं तसंच. तेराव्याचे पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी मी हंडा घेऊन वर गेले तर अंगणात रंगराव उभा. कारखान्यात यांच्याबरोबर होता, मला वहिनी म्हणायचा, रागावून काही बोलला नाही. त्याला वळचणीखाली सायकल ठेवायची होती आणि म्हशीचा गोठा इकडं वाढवायचा होता. "वहिनी, पिंपं काढून घ्या," तो म्हणाला. "पानी आमचं न्हाई, तुमीच बोललात. तात्यांचं बी तेच म्हननं व्हतं." त्याला वाटलं आता भांडण संपलंच आहे, दोन्ही बाजू एकच बोलतायत.

पूर्वीची मी असते तर सगळी आळी गोळा केली असती. पण भांडायलासुद्धा अंगात काही शिल्लक असावं लागतं. मी हंडा खाली ठेवला. पिंपं काढायची म्हटलं तर आधी रिकामी करायला हवीत, एवढंच डोक्यात आलं. म्हणजे पुन्हा मलाच.

सुभद्राबाई दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. पांढऱ्या कपाळाची ती मला ओळखू येईना. ती पायऱ्या उतरून पिंपांजवळ आली, आत वाकून बघितलं आणि सवयीनं म्हणाली, "भरलंय गं."

रंगराव म्हणाला, आई, मी वहिनींना तेच सांगतोय, पिंपं हलवा म्हणून, पाणी आपलं नाही ना.

"पानी आभाळाचंच हाय," सुभद्राबाई म्हणाली. "पर पत्रा आपला हाय."

रंगराव काही बोलायला गेला, पण तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. आत जाऊन स्वतःचा हंडा आणला. तिच्या घरचा, तेराव्याला नवीन घेतलेला, अजून कल्हईची चमक होती त्याला. तो तिनं डांबराच्या वासाच्या त्या पाण्यात बुडवला, बांगड्या नसलेल्या हातांनी वर ओढला आणि कमरेवर घेतला. तिला सवय नव्हती, अर्धं पाणी तिच्याच लुगड्यावर सांडलं.

मी माझा भरला. ओढ्याकडं जायची वाट चिखलाची होती. ती पुढं चालत होती, मी मागं. मधेच थांबून तिनं दम घेतला आणि मला विचारलं, रोज इतक्या लांब न्यायचीस व्हय?

मी व्हय म्हटलं.